जळण आणि पीठ

बाईंनी नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "सकाळी काय खाऊन आलीस?"

मी गडबडले. बोरिवलीच्या घरातून निघताना घाईघाईत फोडणीचा भात खाल्ला होता. तो एमएस्सी झालेल्या मुलीने मुलाखतीत सांगावा की नाही, हे कळेना. शेवटी सांगून टाकला. बाईंचा चेहरा एकदम खुलला.

"छान. मग त्या भातातलं जळण किती झालं आणि पीठ किती?"

शेजारी बसलेले प्रिन्सिपॉल छताच्या पंख्याकडे बघू लागले. त्यांना या प्रश्नाची सवय असावी. मला काहीच कळलं नाही हे माझ्या तोंडावर दिसलंच असणार, कारण बाई खुर्ची पुढे ओढून अगदी घरगुती आवाजात समजावू लागल्या.

"हे बघ, पोळी करायची तर दोन गोष्टी लागतात. चुलीत घालायला जळण आणि परातीत घ्यायला पीठ. जळण पोळीत जात नाही आणि पीठ कोणी चुलीत घालत नाही. आपल्या शरीराचं मात्र भलतंच असतं. ते एकच भात घेतं, त्यातला थोडा जाळतं आणि उरलेल्याचं अंग करतं. तर तुझ्या भाताचं काय झालं?"

"भीतीने सगळा जळूनच गेला असेल," मी म्हणाले.

बाई खो खो हसल्या आणि मला प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी लागली. हंगामी होती, पण लागली. पुढे कळलं की माझ्याआधी आलेल्या दोन हुशार मुलांनी याच प्रश्नाला 'पार्डन?' म्हटलं होतं.

ही ऐंशीच्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांची गोष्ट. अंधेरी पूर्वेला आमचं कॉलेज होतं. वर कॉमर्सची गर्दी, मधल्या मजल्यावर आर्ट्स, आणि तळमजल्याच्या मागच्या टोकाला, पुरुषांच्या मुतारीला भिंत लावून, आमची सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा. ती जागा दुसऱ्या कोणी मागितली नव्हती म्हणून आम्हाला मिळाली होती. बाईंना मात्र ती जागा मनापासून आवडायची. का, ते नंतर येईलच.

बाई उंच, काटकुळ्या, पन्नाशीच्या आसपासच्या. सुती साडीच्या पदराला ॲसिडने पडलेली बारीक भोकं, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि खांद्यावर शबनम पिशवी. त्या पिशवीत काय असेल याचा नेम नसायचा. एकदा मी खडू शोधायला हात घातला तर हाताला काहीतरी थंड आणि बुळबुळीत लागलं. मरोळच्या रस्त्यावर पालिकेच्या नळाला गळती लागली होती आणि त्या पाण्याच्या ओघळात नारिंगी शेवाळासारखं काहीतरी साठलं होतं. ते बाईंनी अत्तराच्या रिकाम्या बाटलीत भरून आणलं होतं, आणि बाटलीचं बूच सुटलं होतं.

"शेवाळ नाही गं," त्या माझा हात धुता धुता म्हणाल्या. "लोखंडावर चूल पेटवणारी मंडळी आहेत. पाण्यातलं लोखंड घेतात, त्याचा गंज करतात, त्यात जी काय ऊब सुटते तिच्यावर संसार. गरिबीचा संसार म्हण. मूठभर अंग करायचं तर घमेलंभर गंज काढावा लागतो."

हेच त्यांचं आयुष्यभराचं वेड होतं. जगातल्या प्रत्येक जिवाला त्यांचे दोनच प्रश्न असत: जळण कशाचं आणि पीठ कशाचं? वर्गात त्या सुरुवात करायच्या माणसापासून. मग झाड. झाडाचं जळण म्हणजे ऊन आणि पीठ म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड. इथपर्यंत सगळ्यांना येत असे. मग त्या फळ्याला पाठ टेकून, डोळे बारीक करून विचारत, "आता असा कोण आहे सांगा, जो ऊन घेत नाही, अन्नाला शिवत नाही, आणि तरी मजेत जगतो?"

एका वर्षी मागच्या बाकावरून उत्तर आलं, "प्रिन्सिपॉल सर."

"नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्यांचं जळण वेगळं आहे. कौतुकावर चालतात ते."

मग त्या खरं उत्तर सांगत. मातीत, चिखलात, भिंतीत असे जंतू असतात की ज्यांचं जळण म्हणजे अमोनिया, तोच, मुतारीत डोळ्यांना झोंबतो तो. काहींचं जळण गंधक, काहींचं लोखंड. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची गाठ घालून द्यायची, त्यातून सुटणारी शक्ती पकडायची, आणि त्या शक्तीवर हवेतल्याच कार्बन डायऑक्साइडचं अंग करायचं. झाडाने उन्हावर जे करायचं ते यांनी अंधारात, दगडामातीतल्या रसायनांवर करायचं. मुलं त्यांना 'उपासवाले' म्हणत. बाईंना ते अजिबात खपत नसे. "उपाशी कोण आहे? त्यांचं ताट तुम्हाला दिसत नाही एवढंच," असं त्या दर वर्षी म्हणायच्या आणि दर वर्षी नवी मुलं त्यांना उपासवालेच म्हणायची.

गंमत अशी की खुद्द बाईंचं ताट कोणाला दिसत नसे. सकाळी काळा चहा, दुपारी पिशवीतले मूठभर चुरमुरे, तेसुद्धा प्रयोगशाळेच्या बाहेर कठड्यावर बसून, कारण आत खाण्यापिण्याची वस्तू नेलेली त्यांना चालत नसे. एकट्या राहायच्या. घरी काय शिजवत असतील याबद्दल स्टाफरूममध्ये बरेच तर्क होते. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "शिजवायला लागलं की पुस्तक खाली ठेवावं लागतं."

त्यामुळे त्यांना बघणाऱ्या प्रत्येकाला त्यांना काहीतरी खाऊ घालावंसं वाटे. जोगेश्वरीच्या तबेल्यातला किस्सा त्या स्वतःच रंगवून सांगत. तबेल्याच्या भिंतींना लोणा फार. म्हशींच्या मुताचा अमोनिया भिंतीत मुरतो, तिथले हे जंतू त्याचं सोरामीठ करतात, आणि ते पांढरं भुरभुरीत मीठ भिंतीवर फुटून येतं. बाई तिथे चमचा घेऊन भिंत खरवडत बसल्या होत्या. तबेल्याच्या भैय्याने ते पाहिलं आणि त्याला एकच अर्थ लागला. बाईमाणूस भिंतीची माती खरवडते, म्हणजे डोहाळे. तो तांब्याभर धारोष्ण दूध घेऊन आला आणि हात जोडून म्हणाला, "मैया, मिट्टी मत खाओ. बच्चे को दूध दो."

"या वयात मला दिवस गेलेत असं वाटलं त्याला," बाई अभिमानाने सांगत. दूध प्यायल्या का, असं मी विचारलं. "छे. त्याच्या म्हशीला विचारत बसले, तुझं जळण काय गं."

पण बाईंना खाऊ घालायचा खरा विडा उचलला होता तो आमच्या मामांनी. मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे अटेंडंट. मूळचे मालवणकडचे, बुटके, गोल चेहऱ्याचे, काचेचं भांडं धुताना ओवी पुटपुटणारे. त्यांच्या डब्यात नेहमी दोन माणसांचं जेवण असे. दुपार झाली की ते कठड्याजवळ यायचे.

"बाईनू, जरा पेज घेवा."

"नको मामा, भूक नाही."

"कुळथाची पिठी आसा. गरम केलंय."

"तुम्ही जेवा मामा."

मग मामा वळून तो वाटा मला द्यायचे. त्या कुळथाच्या पिठीवर माझं वजन पहिल्या दोन वर्षांत चांगलंच वाढलं. मामांचं जळण काय, हे बाईंना कधी विचारावं लागलं नाही. समोरचा माणूस जेवताना दिसला की त्यांचा चेहरा तृप्त व्हायचा.

मामांसाठी एक दिवस फार वाईट गेला. बाईंनी त्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. कोणाचं लग्न, कोणाचा नंबर, असे प्रश्न सुरू झाले. बाई म्हणाल्या, "समुद्राच्या तळाशी वस्ती सापडली." कुठल्याशा परदेशी नियतकालिकाच्या पानांची झेरॉक्स त्यांच्या हाती लागली होती. बातमी तशी काही वर्षांपूर्वीची, पण अंधेरीला पोचायला वेळ लागला होता. जिथे सूर्याचा कवडसाही पोचत नाही अशा खोल तळाशी, गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी माणसापेक्षा उंच किडे राहतात, आणि त्यांच्या अंगात राहणारे जंतू तिथल्या सडक्या अंड्याच्या वासाच्या वायूवर चूल पेटवून त्यांना पोसतात. "आजवर वाटायचं सगळी दुनिया शेवटी उन्हावर चालते," बाई म्हणत होत्या. "तसं नाहीये. उन्हाशिवायही घर चालतं." इतिहासाच्या सरांनी ते किडे खाण्याजोगे असतात का असं विचारलं. ट्रे घेऊन फिरणारे मामा मात्र एका वाक्यावर अडकले होते. त्या किड्यांना तोंड नसतं, पोट नसतं.

"तोंड नाय?" त्यांनी मला दारात गाठून विचारलं. "मगे जेवतत कशे?"

मी समजावलं. मामांनी मान हलवली, पण समजल्यासारखी नव्हे. त्या दिवशी ते पेढा न खाता घरी गेले.

आता एका चंबूकडे वळते. कारण बाईंची खरी परीक्षा त्या चंबूत होती.

आमच्याकडे सूक्ष्मजीवशास्त्र दुसऱ्या वर्षापर्यंतच होतं. तिसऱ्या वर्षाला मान्यता मिळावी म्हणून बाईंनी अर्ज केला होता आणि विद्यापीठाची समिती तपासणीला येणार होती. प्रिन्सिपॉलनी स्पष्ट बजावलं होतं. या वेळी मान्यता मिळाली नाही तर विषय बंद, आणि प्रयोगशाळा कॉमर्सच्या नव्या तुकडीला. बाई परत वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला पानांचे आकार शिकवतील, मामा जिमखान्यात जातील, आणि माझं काय होणार हे कोणी बोललंही नाही. समितीपुढे काहीतरी करून दाखवणं भाग होतं. दुसऱ्या कोणीही दही लावून दाखवलं असतं. बाईंनी ठरवलं, दाखवायचे तर हेच.

तो एक पसरट बुडाचा काचेचा चंबू होता. आत बोटभर पाणी, त्यात चिमूट चिमूट क्षार, थोडं अमोनियाचं मीठ, तळाशी पांढरा खडू, आणि तबेल्याच्या भिंतीची चिमूटभर माती. साखर नाही, मांसरस नाही, खाण्यासारखं काही नाही. कापसाचा बोळा लावून तो काळोख्या कपाटात ठेवला होता. हे जंतू सावकाश वाढतात. दही रात्रीत लागतं, यांना आठवडे लागतात. वाढले तरी पाणी जवळजवळ निर्मळच राहतं. ते आहेत हे कळायचं कसं? एक तर त्यांनी केलेल्या ॲसिडमध्ये तळाचा खडू हळूहळू विरत जातो, आणि दुसरं म्हणजे त्यातला थेंब पांढऱ्या टाइलवर घेऊन दोन औषधांचे थेंब टाकले की गुलाबी रंग येतो. म्हणजे अमोनियाची चूल पेटली. "गुलाल आला की सांग," बाई मला म्हणायच्या. जुन्या चंबूतला थेंब काढून त्यांनी तो पुन्हा पुन्हा नव्या चंबूत टाकला होता, म्हणजे तबेल्याच्या मातीतलं इतर काही राहू नये. त्यात कित्येक महिने गेले. जानेवारीत गुलाल आला, असा गडद की बाईंनी त्या टाइलला बोट लावून ते कपाळापर्यंत नेलं आणि मग भानावर येऊन हात धुतले.

दुसरी तयारी प्रिन्सिपॉल करत होते. त्यांना स्वच्छतेची भारी आवड. आमच्या आणि मुतारीच्या मधल्या भिंतीला बाहेरून कमरेपर्यंत लोणा फुटला होता. समितीला तो दिसू नये म्हणून त्यांनी दोन वेळा चुना मारून घेतला. दोन्ही वेळा लोण्याने चुन्याला खालून ढकललं आणि पापुद्रे पडले. सर ठेकेदाराला फैलावर घेत असताना बाई तिथून जात होत्या. "सर, ठेकेदाराचा दोष नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांना चुना घालताय. त्यांना तो हवाच असतो." सरांना वाटलं बाई ठेकेदाराची बाजू घेतायत.

समिती यायच्या आदल्या आठवड्यात मी चंबू कपाटातून काढला. निर्मळ पाणी ताकासारखं गढूळ झालं होतं. बोळा काढताच आंबूस वास आला. टाइलवर थेंब घेतला, औषध टाकलं. रंग आला नाही. पुन्हा टाकलं. नाही.

बाईंनी चंबू उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिल्या. ओरडल्या नाहीत. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी जन्मात विसरणार नाही.

"यांना कोणी खाऊ घातलं?"

मामा मोरीपाशी बाटल्या धूत होते. हात पुसत पुढे आले. चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट थोडं समाधानच होतं.

"मी घातलंय, बाईनू. रोज जरासा. ग्लुकोज."

आमच्या मांडणीवर ग्लुकोजची बरणी होतीच. आणि ग्लुकोज म्हणजे काय, हे मामांना कोणी सांगायची गरज नव्हती. तापातून उठलेल्याला, अशक्त बाळंतिणीला, परीक्षेला बसलेल्या पोराला, सगळ्यांना घरोघर तेच तर देतात. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ते बोळा काढायचे, चिमूटभर ग्लुकोज टाकायचे आणि बोळा परत लावायचे.

"का घातलंत?" बाईंनी विचारलं. रागाने नव्हे. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

मामा चाचरले. मग हळूहळू सांगू लागले. त्यांचा थोरला भाऊ परळच्या गिरणीत होता. संपात गिरण्या बंद पडल्या तेव्हा भावाची पोरं यांच्याकडे येऊन राहिली. "घरात काय नसायचां, बाईनू. पोरां साकरपाणी पिवन निजत. रडूचीही नाय. गप पडान ऱ्हवत." ते थांबले. "तुम्ही दर म्हयन्याक म्हणास, ह्यांका काय घालूचा नाय. आनी ती गप पडान. माका बघवना. बिचारी उपाशी मरतली म्हणान घातलंय." मग बाईंच्या तोंडाकडे पाहून त्यांच्या लक्षात काहीतरी आलं. "मी काय वायट केलंय काय?"

उत्तर द्यायची पाळी बाईंवर आली. त्या स्टुलावर बसल्या, मामांनाही बसवलं, आणि त्यांना सांगितलं की या चंबूतल्या मंडळींचं जळण अमोनिया आणि पीठ हवा. त्यांना ग्लुकोजचा उपयोग नाही. पण ग्लुकोजवर जगणारे दुसरे जंतू हवेत, हातावर, बोळ्यावर सगळीकडे टपलेले असतात. ते आत पडले, भराभर वाढले, त्यांनी हवा संपवली, अमोनियाही पळवला, आणि मूळची सावकाश जगणारी मंडळी दबून गेली.

"म्हणजे मी घातलंय म्हणान मेली?"

बाई खोटं बोलत नसत. "हो," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं."

मामा उठून बाटल्या धुवायला गेले. ओवी मात्र ऐकू आली नाही. त्या दिवसापासून दुपारी ते कठड्याजवळ आले नाहीत. जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून एकटेच जेवायचे. डब्यात एकाच माणसाचं जेवण असायचं. मी दोनदा मुद्दाम समोरून गेले, तर त्यांनी झाकण लावून घेतलं. मला फार वाईट वाटलं. चंबूचं वाटलं त्याहून जास्त.

बाईंनी नवा चंबू लावला, पण आठवड्याभरात त्यात काही होणार नव्हतं हे दोघींना माहीत होतं. दही लावू या का, असं मी हळूच सुचवलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी टाइल पुसायला लागले.

समिती आली. तिघं होते. अध्यक्ष पांढऱ्या मिशांचे, पोक्त, जेवणाच्या वेळेवर लक्ष असलेले. त्यांनी सूक्ष्मदर्शक मोजले, कपाटं उघडून पाहिली आणि विचारलं, "काही प्रात्यक्षिक?"

बाईंनी तो गढूळ चंबूच पुढे ठेवला. काय दाखवायचं होतं आणि ते का दाखवता येत नाही, हे सरळ सांगितलं. मामा दारात उभे होते. मला वाटलं आता त्यांचं नाव येणार, आणि त्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली.

"हे माझ्यामुळे बिघडलं," बाई म्हणाल्या. "यात काय आहे ते मी मुलांना शिकवलं. जे लोक रोज हे कपाट उघडतात त्यांना शिकवलं नाही."

प्रिन्सिपॉलनी डोळे मिटून घेतले. अध्यक्ष भले गृहस्थ होते. "असू दे, पुढच्या वेळी बघू," असं म्हणून ते उठले. पुढच्या वेळी म्हणजे काय हे आम्हाला माहीत होतं. वर जेवण मांडलेलं होतं. तेवढ्यात बाई दाराकडे गेल्या आणि म्हणाल्या, "सर, जेवणाआधी पाच मिनिटं. एक भिंत दाखवायची आहे."

"भिंत?" प्रिन्सिपॉलचा आवाज फुटला. "बाई, ती भिंत नको."

पण बाई निघाल्या होत्या, आणि अध्यक्षांना कुतूहल वाटलं असावं. तर अशा रीतीने विद्यापीठाची समिती आमच्या पुरुषांच्या मुतारीमागच्या बोळात उभी राहिली, आणि तिच्यातल्या एक सदस्या नाकाला पदर लावून. बाईंनी चमच्याने चुन्याचा पापुद्रा काढला, खालचा पांढरा भुगा टाइलवर घेतला आणि ड्रॉपरने जपून ॲसिडातलं औषध टाकलं. भुग्याभोवती शाईसारखा गर्द निळा रंग पसरला.

"सोरा," अध्यक्ष म्हणाले.

"होय सर. इथे सोरा कोणी आणून ठेवलेला नाही. पलीकडून अमोनिया येतो. हवा आहे. चुना प्रिन्सिपॉल सरांनी दोनदा पुरवलाय. खायला काही नाही, ऊन येत नाही. तरी कमरेइतक्या उंचीपर्यंत कोणीतरी घर केलंय."

अध्यक्ष पँट सांभाळत चक्क उकिडवे बसले. भिंतीवरून बोट फिरवलं. आमच्या गावच्या गोठ्याला असाच लोणा असायचा, आजोबा तो चुलीत टाकून तडतडवून दाखवायचे, असं काहीसं स्वतःशीच बोलले. मग वर बघून विचारलं, "पण हे जिवंत जंतूंचंच काम आहे, हे कशावरून?"

कोणीही दुसरं असतं तर काहीतरी ठोकून दिलं असतं. बाई म्हणाल्या, "आज नाही सांगता येणार. या भिंतीची माती चंबूत घालते. दीड महिना लागेल. ते सावकाश आहेत."

"मग दीड महिन्याने येतो," अध्यक्ष म्हणाले.

आणि ते आले, एकटेच, एप्रिलच्या उकाड्यात छत्री घेऊन. टाइलवरचा गुलाल पाहून पोराटोरांसारखे हसले. मान्यता मिळाली. तिच्यासोबत एक अट होती: प्रयोगशाळेमागील भिंतीची ओल त्वरित दुरुस्त करावी. प्रिन्सिपॉल सरांनी भिंतीला सिमेंट मारलं. पुढच्या वर्षी लोणा सिमेंटच्या वर हातभर चढला.

मला मात्र एप्रिलपेक्षा समितीच्या दिवसाची ती दुपार जास्त आठवते. मंडळी वर जेवायला गेली होती. मान्यतेचं काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनी वर यायला नकार दिला होता. मी त्यांच्यासोबत कठड्यावर बसले होते. त्यांनी पिशवीतून चुरमुरे काढले, हातात घेतले आणि परत पिशवीत टाकले. मग उठून जिन्याकडे गेल्या. मीही मागोमाग गेले.

मामा भिंतीकडे तोंड करून डबा उघडत होते. बाई सरळ त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"काय आहे डब्यात?"

मामांनी झाकण ओढून घेतलं. "काय नाय, बाईनू. पिठी-भात. तुमका नको."

"का नको?"

मामा भिंतीकडेच बघत म्हणाले, "माज्या हातचा खाऊन मरतत."

बाईंच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. दोन वर्षं त्या या माणसाला रोज नको म्हणत आल्या होत्या, आणि तो रोज विचारत आला होता. त्यांनी डब्याचं झाकण मामांच्या हातातून सोडवून घेतलं, उलटं केलं आणि ताटलीसारखं पुढे धरलं.

"मामा, मी त्यांच्यातली नाही," त्या म्हणाल्या. "मला लागतं. वाढा."

मामांनी चमचाभर भात घातला, वर पिठी घातली. बाई पहिले दोन घास सवय नसल्यासारख्या जेवल्या, मग भराभर. झाकण रिकामं झालं तेव्हा मामांनी घाबरत घाबरत विचारलं, "आनी घालू?"

बाईंनी झाकण पुढे केलं.